नऊ म्हशींचं खत

ज्या खोलीत कम्प्युटर होता त्या खोलीत शेतकऱ्याला यायला बंदी होती. शेतकऱ्याच्या अंगावर धूळ असते आणि धुळीनं यंत्र बिघडतं, असं पुण्याहून आलेल्या इंजिनियरनं सांगितलं होतं. यंत्र आणलं होतं ते शेतकऱ्याला त्याच्या शेतात किती खत टाकायचं हे सांगायला. मग शेतकरी व्हरांड्यात उभे राहत आणि मी खिडकीच्या फटीतून त्यांचे कागद आत घेई. आत एअर कंडिशनर होता. बुलढाण्याला लोक उन्हाळ्यात हवा खायला येतात, पण ती हवा यंत्राला मानवत नव्हती.

ही नोकरी मला इंग्रजीमुळे मिळाली. एका संस्थेचं ते शेती सल्ला केंद्र होतं. जिल्ह्यात कम्प्युटर म्हणजे काय हे तेव्हा फारसं कुणाला माहीत नव्हतं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत जे काही उमटे ते वाचून त्याचा अर्थ साहेबांना सांगेल असं माणूस हवं होतं. साहेब शेतकी पदवीधर होते, पण पडद्यावर वाक्य आलं की ते चष्मा पुसायला घेत. चष्मा पुसून होईपर्यंत मी वाक्य वाचून अर्थ सांगायची, आणि मग ते म्हणायचे, "बरोबर, हेच म्हणत होतो मी." मी जन्मजात अबोल. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे घरात, गल्लीत सगळ्यांनी माझा अबोलपणा शिष्टपणात जमा करून टाकला होता. ऑफिसात मात्र तो गुण ठरला. साहेबांना सगळ्यांसमोर न बोलणारी हुशारी हवीच होती.

प्रोग्राम परदेशातला होता. तिकडच्या शेतकऱ्यांपुढची अडचण अशी की गोठ्यात जनावरं फार, शेण फार, आणि ते टाकायचं कुठे हा प्रश्न. त्यांच्यासाठी लिहिलेला प्रोग्राम इंजिनियरनं आमच्यासाठी 'बदलून' आणला होता. बदल म्हणजे त्यानं गव्हाच्या शेजारी ज्वारी, कपाशी, मिरची आणि कांदा ही नावं घातली होती. बाकीचं सगळं तसंच. प्रत्येक शेतकऱ्यामागे यंत्र मला विचारे की जमीन हिवाळ्यात गोठते का. मी 'नाही' दाबायची. पातळ शेणाची टाकी किती मोठी? शून्य. यांत्रिक फवारणीनं शेण पसरता का? नाही. शेवटी ते मुद्द्यावर येई: जनावरं किती? त्या आकड्यावरून वर्षाचं शेण काढायचं, शेणावरून नत्र, स्फुरद, पालाश, आणि पिकाला लागणाऱ्या खतातून ते वजा करून उरलेलं युरियाच्या पोत्यांत सांगायचं. सगळं शेण शेतात जातं हे यंत्रानं गृहीत धरलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मी इंजिनियरला विचारलं, "गोवऱ्यांचं शेण कुठं वजा करायचं?"

"गोवऱ्या म्हणजे?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते हसले. "अहो, जळण म्हणून थापायचे पूर्वी. आता तसं कोणी करत नाही."

साहेबांच्या घरी मी एकदा सही आणायला गेले होते. न्हाणीघराबाहेर बंबाशेजारी गोवऱ्यांची उतरंड पार पत्र्याला टेकली होती. आमच्या स्वतःच्या घरी सकाळचं पाणी गोवऱ्यांवरच तापे. पण पुण्याच्या माणसासमोर आपला जिल्हा शेण जाळतो हे कसं सांगणार? म्हणून आमच्या सगळ्या जिल्ह्याचं शेण कागदावर शेतात गेलं आणि प्रत्यक्षात चुलीत. पुढची दोन वर्षं तो हिशेब तसाच चालला.

माझी मामी देऊळगाव राजाच्या अलीकडच्या एका खेड्यात राहते. मामाची शेती भाजीपाल्याची. त्या वर्षी मामीनं विहिरीशेजारची एक पट्टी मागितली होती, कांद्याचं बी काढायला. तिकडे बियाण्याचं काम बरंच चालतं. बायका त्यात तरबेज असतात, पण त्या दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं किंवा नवऱ्याच्या शेतात फुकट राबतात. मामीला स्वतःची पट्टी हवी होती. "या घरात माह्या हुकमानं उगवलेली एक काडी नाही," ती माझ्या आईला म्हणाली होती, आणि हे म्हणताना ती हसत नव्हती. मामा नाही म्हणाला नाही. तो नाही कधीच म्हणत नाही, अटी घालतो. "एक साल करून पाह्य. बी नीट निघालं तर पट्टी तुही. नाही निघालं तर पुढच्या साली तिथं मिरची, अन् मंग हा विषय काढायचा नाही."

दसऱ्याच्या सुमारास आम्ही जीप घेऊन त्या गावात माहिती भरायला गेलो. साहेबांची पद्धत अशी की देवळासमोरच्या पारावर खुर्ची टाकायची, सगळं गाव गोळा करायचं आणि एकेकाला पुढे बोलावून मोठ्यानं प्रश्न विचारायचे. खाजगीत विचारणं त्यांना संशयास्पद वाटे. "पारदर्शक काम," ते म्हणायचे. त्या पारदर्शकपणामुळे त्या दिवशी एकही खरा आकडा माझ्या कागदावर आला नाही. एकाला वाटलं, जनावरांवर कर बसवणार. तो म्हणाला, एक बैल, तोही म्हातारा. दुसऱ्याला वाटलं, म्हशीसाठी कर्ज मिळणार, आणि ते ज्याच्याकडे म्हशी नाहीत त्यालाच. त्यानं गोठाच नाही म्हणून सांगितलं, आणि त्याची रेडी त्याच वेळी पारामागून हंबरली. सगळे हसले. साहेबांनी माझ्याकडे बघून कागदावर बोट आपटलं: "लिहा, शून्य."

मग मामी आली. मामा बाजारला गेला होता आणि पट्टी तिची, म्हणून उत्तर तिनंच द्यायचं होतं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. पाराच्या कडेला गावच्या सोसायटीचा गोडाऊनवाला तंबाखू मळत बसला होता. त्याच्या मुलीचं आणि माझ्या मामेभावाचं जमवायचं चाललं होतं. अजून सुपारी फुटली नव्हती.

"जनावरं किती?" साहेबांनी विचारलं.

मामीकडे दोन म्हशी होत्या. त्यातली एक भाकड.

"नऊ," मामी म्हणाली. "बैलं सोडून."

मी मान वर केली. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा खाली बघायला लागले. गोडाऊनवाल्यानं तंबाखू ओठात सोडली आणि हात झटकले. साहेब खूश झाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना भरघोस आकडा मिळाला होता.

परतताना जीपमध्ये मी म्हणाले, "सर, ती माझी मामी आहे. दोनच म्हशी आहेत."

"शेतकऱ्यानं सांगितलं ते लिहायचं," ते म्हणाले. "आपण काय पोलीस आहोत?"

नऊ म्हशींचं वर्षभराचं शेण एका छोट्या पट्टीवर पडलं, तेही कागदावर, तेव्हा यंत्रानं काय सांगायचं? भोकाभोकांच्या कडांचा लांब कागद करकरत बाहेर आला: बाहेरून कोणतंही खत देण्याची गरज नाही. खाली एक सूचनाही होती. जास्तीचं शेण शेजाऱ्यांना द्यावं आणि ओढ्यात जाणार नाही याची काळजी घ्यावी.

साहेबांनी तो कागद हातात धरून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. जिल्ह्यात कुणाच्याच नावावर शून्य आलं नव्हतं. ते स्वतः गावात गेले, पुन्हा खुर्ची, पुन्हा पार, आणि सगळ्या गावासमोर वाचून दाखवलं. "या बाईंना युरियाची एकही बॅग नको! शून्य खताचा प्लॉट!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावात टाळ्या कशालाही वाजवतात. मामीही हसली म्हणे. काय वाचलं गेलंय हे तिला घरी गेल्यावर समजलं असणार.

कारण आता ती अडकली. दोन म्हशींचं अर्धं शेण गोवऱ्यांना जाई, उरलेलं मामाच्या वांग्याला. पट्टीला युरिया आणायचा तर गावात तो एकाच ठिकाणी मिळे, गोडाऊनवाल्याकडे. तिथे जाऊन बॅग मागायची म्हणजे होणाऱ्या व्याह्यालाच सांगायचं की नऊ म्हशी नाहीत. देऊळगाव राजाहून आणावी तर एस.टी.च्या टपावरून काय उतरतं हे अख्खं गाव मोजतं. मामाला तर आयतंच मिळालं.

"तूच म्हटली ना नऊ? आता टाक नवाचं शेण."

"तुमच्या पोराच्याच सोयरिकीसाठी म्हटलं ना मी!"

"मी म्हटलं व्हतं का तुले, म्हण म्हणून? दोन म्हशीवर पोरगं बिनलग्नाचं राह्यलं असतं का?"

हे भांडण मी स्वतः ऐकलं. रविवारी गेले होते. मामा जेवता जेवता हे बोलत होता आणि मधेच मला म्हणाला, "तुह्या कम्प्युटरनं काम सोपं केलं वं माय. पोत्याचा खर्च वाचला अन् पट्टीबी वाचली." त्याला हे फार विनोदी वाटत होतं.

दुपारी मामी मला पट्टीवर घेऊन गेली. पौष लागला होता. शेजारचे वाफे गर्द हिरवे होते आणि तिच्या पट्टीतली पात शेंड्याकडून पिवळी पडत चालली होती, जुन्या कागदासारखी. काळजी करणारा माणूस राहतो तशी ती वाफ्यात वाकून उभी राहिली नाही. ती विहिरीच्या काठावर बसली आणि पट्टीकडे पाठ केली.

"ते आकडे बदलून दे ना," ती म्हणाली. "तुह्याच हातानं टाकलेत ना तू?"

"साहेबांना विचारावं लागेल."

"मंग इचार. का तोंड उघडाले इंग्रजी लागते?"

घरच्यांनी मला या एका गोष्टीवरून आयुष्यभर टोचलंय, त्यामुळे मला फारसं लागलं नाही. पण मी दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं.

साहेब म्हणाले, शक्य नाही. शून्य खताचा प्लॉट वर कळवला होता. पुण्याहून पाहुणे येणार होते, खास तोच बघायला. छायाचित्रकारासह. आता आकडा बदलला तर सगळी यादीच खोटी ठरेल.

"यादी खोटीच आहे, सर," मी म्हणाले. "आणि प्लॉट पिवळा पडलाय."

त्या ऑफिसात माझ्या तोंडून सलग निघालेलं हे सर्वांत लांब बोलणं. पहिल्या वाक्यानं त्यांना काहीही झालं नाही. दुसऱ्यानं त्यांचा चष्मा खाली आला.

दोन दिवसांत आम्ही जीपनं मामीच्या दारात होतो. जीपच्या मागे ताडपत्रीखाली चार भरलेली पोती होती. मी ती ऑफिसमागच्या शेडमध्ये भरली जाताना पाहिली होती. युरिया त्याच्या स्वतःच्या बॅगांमधून काढून गव्हाच्या जुन्या पोत्यांत ओतला होता. साहेब थेट गोठ्यात गेले. आजवर कागदावर भरलेला हा एकच गोठा त्यांनी प्रत्यक्ष बघितला असावा. दोन म्हशी रवंथ करत होत्या.

"बाकीच्या?" साहेबांनी विचारलं.

"चरायले गेल्या," मामी म्हणाली.

"मग या दोन नाही गेल्या?"

मामी जीपपर्यंत गेली, ताडपत्रीचं टोक उचललं, एका पोत्यावर थाप मारली.

"यात काय हाय, साहेब?"

साहेबांनी घसा साफ केला. "मातीचे नमुने."

"हाव ना," मामी म्हणाली. "मंग माह्या म्हशीबी चरायलेच गेल्या."

मी म्हशींकडे बघत होते, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती. मग साहेब ड्रायव्हरला म्हणाले की नमुने पट्टीवर उतरव. मामी चहा ठेवायला आत गेली. इतका गोड चहा मी त्या घरात कधी प्यायले नव्हते.

माघात पाहुणे आले. कांद्याच्या पातीला गर्द हिरवी काळोखी आली होती. उशिरा का होईना खत पोटात पडलं होतं. दांड्यांवर पांढरे गोंडे डुलत होते, आणि लांबून कुणालाही ते देखणंच दिसलं असतं. इंजिनियर धुळीत बूट टाकायला बिचकत वाफ्याच्या कडेला उभा राहिला आणि गणित समजावून सांगू लागला. नऊ जनावरं, एवढं शेण, एवढं नत्र, म्हणून शून्य युरिया. पाहुण्यांनी माना डोलावल्या. एका पाहुण्यानं गोठा बघायचा हट्ट धरला. त्याची तयारी होती. मामीच्या भावाच्या म्हशी आदल्या दिवशीच शेजारच्या गावाहून हाकत आणल्या होत्या. शिंगांना तेल लावलं होतं. छायाचित्रकारानं गोठ्याचा फोटो काढला, मामीचा काढला, आणि साहेबांना मामी नि गोठा यांच्या मध्ये उभं करून त्यांचाही काढला. भावाच्या म्हशी मात्र सारख्या दाव्याला हिसके देत आपल्या गावाच्या दिशेनं तोंड करत होत्या. पाहुणे म्हणाले, "चपळ जात आहे."

मामीला कुणीही काही विचारलं नाही. तिच्या कपाळावर घाम होता, कारण गोडाऊनवाला गोठ्याच्या दाराशी उभा होता आणि एकेक म्हैस निरखत होता. गावातल्या माणसाला म्हैस शिंगावरून ओळखता येते. पाहुण्यांच्या गाड्या निघाल्यावर तो सावकाश पुढे आला. मी मामीच्या बाजूलाच होते.

"इहीनबाई," तो म्हणाला, "एक कमी हाय."

मामीनं त्याच्याकडे पाहिलं.

"तुमच्या भावाच्या सहा अन् तुमच्या दोन. आठ झाल्या. सांगतलं असतं तर माही एक आणून बांधली असती. फोटोत माह्या म्हशीचंबी तोंड आलं असतं."

"तुमाले ठाऊक व्हतं?"

"गावात कोणाले ठाऊक नाही? तुमच्या दारातून रोज दूध किती निघते ते आमाले दिसत नाही का? आमी पोरगं पाह्यलं, बाई. म्हशी मोजाले काऊन येऊ?"

म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं म्हणून मामीनं पिवळी पात बघत दिवस काढले, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. नऊ म्हशींवर विश्वास ठेवणारे फक्त आम्ही, चपला बाहेर काढून थंड खोलीत बसणारे.

युरियानं पात हिरवी केली, पण गोंडे भरदार धरायची वेळ तोवर निघून गेली होती. उन्हाळ्यात गोंडे खुडले, वाळवले, बी उफणलं, तेव्हा निम्म्याहून जास्त हलकं निघालं आणि वाऱ्याबरोबर गेलं. बियाण्याच्या कंपनीचा माणूस जेमतेम काही घेऊन गेला. मी गेले तेव्हा मामी विहिरीजवळ सुपात उरलेलं फोलपट हातानं चाळत बसली होती. मामा तिथेच खाटेवर बसला. त्यानं शब्द पाळायला घेतला.

"मिरचीचं रोप टाकाले सांगतो," तो म्हणाला.

"पाटी काढा मंग आधी," मामी म्हणाली.

पाहुण्यांच्या भेटीच्या आधी आमच्या ऑफिसनं पट्टीच्या कोपऱ्यावर पत्र्याची पाटी ठोकली होती. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की हे कम्प्युटर-नियोजित प्रात्यक्षिक क्षेत्र आहे, पीक कांदा बीजोत्पादन, आणि खाली शेतकरी म्हणून नाव होतं ते मामीचं. कारण पारावर उत्तर तिनं दिलं होतं आणि मी कागदावर तिचंच नाव भरलं होतं. साहेबांच्या अहवालात हाच प्लॉट पुढची काही वर्षं दाखवायचा होता. बी किती निघालं हा रकाना त्या अहवालात नव्हता. रकाना होता तो वाचलेल्या खताचा.

मामानं पाटीकडे पाहिलं. ती संस्थेची होती, सरकारी नव्हती, पण लाल रंग आणि पत्रा बघितला की त्याला सगळं सरकारीच वाटतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नाही. मला कमी बोलणारी म्हणतात ते त्या दिवशी घरच्यांपुढे पहिल्यांदा सोयीचं गेलं.

"किती साल राह्यते असली पाटी?" त्यानं विचारलं.

"साहेबांना विचारावं लागेल," मी म्हणाले.

पट्टी मामीकडेच राहिली. बी नीट निघालं म्हणून नव्हे, कष्टांची कदर झाली म्हणून तर मुळीच नव्हे. एका मूर्ख यंत्रानं खोट्या आकड्यावरून काढलेलं खोटं उत्तर पत्र्यावर रंगवून ठोकलं गेलं, आणि ते उपटायची हिंमत मामाला झाली नाही. मामीला यात काही वावगं वाटत नाही. दुसऱ्या वर्षी तिनं गोडाऊनवाल्याकडून, आता तो खराच व्याही झाला होता, दिवसाढवळ्या बॅगा आणल्या. तिचं बी चांगलं निघालं. पाटीला तिनं वरून प्लास्टिकचा कागद बांधला, पावसात रंग जाऊ नये म्हणून.

त्या दुसऱ्या वर्षाचं पीक लावण्याआधी, दसऱ्याला, आम्ही पुन्हा पारावर खुर्ची टाकली होती. मामीची पाळी आली. या वेळी कुणासमोर लपवायचं काही उरलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "जनावरं किती?"

मामीनं पदर सारखा केला.

"दहा," ती म्हणाली. "एक व्याली."

पाराच्या कडेला बसलेला तिचा व्याही खोकून खोकून बेजार झाला. साहेबांनी समाधानानं मान हलवली आणि मला लिहायची खूण केली.